बिक्स बायडरबेकच्या चार रचना

संगीताचा इतिहास सांगतांना आपण गाणाराचें आणि वाजविणाराचें नांव आदरानें घेतों. परंतु त्यांची कला पुढील पिढीच्या हातीं कोणी पोंचविली, हा प्रश्न सहसा विचारीत नाहीं. जॅझ या संगीतप्रकाराच्या इतिहासांत या प्रश्नाचें महत्त्व दाखविणारें एक उदाहरण आहे. तेंच आज सांगावयाचें आहे.

अमेरिकेंतील आयोवा राज्यांत, मिसिसिपी नदीच्या कांठीं, डॅव्हनपोर्ट नांवाचें गांव आहे. १९०० सालच्या शिरगणतींत तेथील लोकवस्ती सुमारें ३५,००० भरली होती. या गांवीं १० मार्च १९०३ रोजीं बिक्स बायडरबेक जन्मला. घराणें मूळचें जर्मन. वडिलांचा कोळसा व इमारती लांकडाचा व्यापार होता. आई पियानो वाजवीत असे. ऐकलेली चाल मुलगा लहानपणींच पियानोवर बिनचूक काढूं लागला. तो सात वर्षांचा असतांना गांवच्या वृत्तपत्रानेंही त्याचें कौतुक केलें. मात्र कानावर सर्व भिस्त राहिल्यामुळें स्वरलेखन वाचण्यांत तो कच्चाच राहिला.

पहिलें महायुद्ध संपल्यावर वडील भावानें घरीं फोनोग्राफ व जॅझच्या तबकड्या आणल्या. त्या ऐकून बिक्स कॉर्नेट हें तोंडानें फुंकावयाचें वाद्य आपलें आपणच शिकला. १९२४ पासून त्याच्या तबकड्या निघूं लागल्या आणि कॉर्नेटवादक म्हणून त्याची ख्याति झाली. पियानोचें वेड मात्र सुटलें नाहीं.

सप्टेंबर १९२७ मध्यें न्यूयॉर्क येथें त्यानें ‘इन अ मिस्ट’, म्हणजे ‘धुक्यांत’, ही स्वतःची रचना एकट्यानें पियानोवर वाजवून ओकेह कंपनीसाठीं ध्वनिमुद्रित केली. फ्रेंच रचनाकार दबुसी याचें संगीत त्यास फार प्रिय होतें, त्याची छाया येथें दिसते. आपल्या घरच्या पेटीवर सा, शुद्ध रे, शुद्ध ग, तीव्र म, कोमल ध आणि कोमल नी असे सहाच स्वर क्रमानें वाजवून पाहावेत. प्रत्येक दोन स्वरांमधील अंतर सारखेंच, पंचम नाहीं, त्यामुळें कानास टेकावयास जागा मिळत नाहीं. अशा स्वरपंक्तीचा उपयोग करून, खालीं जॅझची लय चालूं ठेवून, बिक्सनें तें धुकें उभें केलें आहे.

आतां मुख्य मुद्दा. बिक्सनें या पियानो-रचना स्वतः कागदावर उतरविल्या नाहींत. त्याच्याच वाद्यवृंदासाठीं संगीत-योजना करणारा बिल चॅलिस हा त्याचा मित्र कागद-पेन्सिल घेऊन पियानोपाशीं बसे. अडचण अशी कीं, बिक्स एकच जागा दोनदां सारखी वाजवीत नसे. चॅलिस त्यास थांबवी, पुन्हा वाजवावयास लावी, आणि नेटानें लिहून घेई. अशा रीतीनें ‘इन अ मिस्ट’, ‘कँडललाइट्स’, ‘फ्लॅशेस’ आणि ‘इन द डार्क’ या चार रचना सिद्ध होऊन १९२८ ते १९३१ या काळांत छापल्या गेल्या.

वेळ फार थोडा उरला होता. अतिमद्यपानानें बिक्सचें शरीर पोखरलें होतें. ६ ऑगस्ट १९३१ रोजीं न्यूयॉर्कमध्यें न्यूमोनियानें त्याचा अंत झाला. वय अवघें २८ वर्षांचें. चौघींपैकीं पहिलीच रचना त्याच्या हातची तबकडींत आहे. उरलेल्या तीन त्यानें कधींच ध्वनिमुद्रित केल्या नाहींत; त्या केवळ चॅलिसच्या कागदामुळें वांचल्या. त्या कागदांमुळेंच १९३८ मध्यें बनी बेरिगन यास त्या आपल्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतां आल्या, आणि आजचा विद्यार्थीही पुस्तक समोर ठेवून त्या बसवूं शकतो.

प्रतिभा बिक्सची, यांत वाद नाहीं. परंतु पुन्हा पुन्हा “थांब, हें परत वाजव” असें म्हणणारा मित्र त्याच्यापाशीं बसला नसता, तर त्या तीन रचना त्याच्या बोटांबरोबरच संपल्या असत्या. इतिहासानें बिक्सचें नांव घेतांना चॅलिसचेंही घ्यावें, इतकीच माझी विनंती आहे.