अक्षरांची सावली

दुकानाच्या पाटीवरचे किंवा ट्रकच्या फळक्यावरचे गुबगुबीत अक्षर आणि त्याच्या उजव्या बाजूला, खाली उतरलेली रंगीत सावली आपल्या रोजच्या पाहण्यातली आहे. तिला आपण पेंटरची हौस समजतो. तिचा छापील इतिहास मात्र दोनशे वर्षांहून जुना आहे आणि तो जाहिरातीच्या गरजेतून सुरू होतो.

पुस्तकाचा वाचक पान हातात धरतो. भिंतीवरच्या जाहिरातीचा वाचक चालत असतो. लंडनमध्ये लॉटरीवाल्यांच्या जाहिरातींची चढाओढ लागली, तेव्हा खिळे पाडणाऱ्यांनी अक्षरे आधी जाड केली, मग त्यांना घनता दिली. व्हिन्सेंट फिगिन्स यांच्या १८१५च्या नमुनापुस्तकात सावलीचे खिळे दिसतात. १८२७ साली न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्स यांनी लाकडी खिळे यंत्राने कोरायला सुरुवात केली आणि अक्षरे हातभर मोठी होऊ शकली. विल्यम पेज यांच्या १८७४च्या नमुनापुस्तकात तर एकाच अक्षराचे वेगवेगळ्या रंगांसाठी वेगवेगळे ठसे आहेत. ते एकावर एक अचूक बसले, तरच अक्षर उठून दिसे.

देवनागरीत हे काम अवघड होते. डिग्री पद्धतीच्या जुळणीत मूळ अक्षर, वरची मात्रा आणि खालचा उकार वेगवेगळ्या खिळ्यांवर असत. शिरोरेषाही तुकड्यातुकड्यांनी जुळे. प्रत्येक सांध्यावर सावली तुटण्याचा धोका होता. ही अडचण पेंटरच्या कुंचल्याला नव्हती, कारण तो सगळा शब्द एकसंध रंगवतो.

त्याचे कसब नीट पाहण्यासारखे आहे. सरळ कान्याची तिरकी सावली एकसारख्या जाडीची पट्टी असते. ‘ठ’च्या गोलाईवर तीच सावली चंद्रकोरीसारखी मध्ये फुगते आणि टोकांना निमुळती होते. गोल अक्षर खेळकर वाटते, त्यात या कोरीचा मोठा वाटा आहे. शिरोरेषेची सावली मात्र खाली, अक्षराच्याच अंगावर उतरते आणि कान्याची सावली शेजारच्या अक्षरावर चढते. तिथे पेंटर ती आखडती घेतो. कुठे थांबायचे, हे त्याची नजर ठरवते.

फ्लेक्सच्या पाट्या आल्या आणि संगणक एका कळीसरशी सगळ्या अक्षरांना सारखीच सावली देऊ लागला. ‘क्ष’सारख्या दाट जोडाक्षरात ती पोकळ्या बुजवते. हनीफ कुरेशी यांनी रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरे संगणकावर आणली आणि त्या टाइपांना पेंटरांचीच नावे दिली. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मोदक’ हा अतिस्थूल देवनागरी टाइप अक्षरातल्या पोकळ्या बारीक रेघांइतक्या उरवतो, तरी शब्द वाचता येतो. जाडी किती आणि मोकळीक किती, हा पेंटरचाच हिशेब त्यात आहे.

आपल्या गावांत हाताने रंगवलेल्या पाट्या अजून थोड्या उरल्या आहेत. नवा रंग चढण्याआधी त्यांची छायाचित्रे घेऊन ठेवायला हवीत. सोबत पेंटरचे नाव आणि सालही. देवनागरीच्या सावलीचा बराचसा इतिहास कागदावर नाही, त्या पत्र्यांवर आहे.