मारकुट्या नवऱ्यांची शाळा

नवऱ्याच्या माराला कंटाळून बाहेर पडलेल्या बाईने जायचे कुठे, या प्रश्नाचे उत्तर म्हणून १९७०च्या दशकात अमेरिकेत निवारागृहे उभी राहिली. तिथल्या कार्यकर्त्यांना लवकरच पुढचा प्रश्न पडला. बाई सुटली तरी मारणारा तसाच राहतो; त्याचे काय करायचे? बॉस्टनमधल्या अशा कार्यकर्त्या स्त्रियांच्या सांगण्यावरून त्यांच्या काही पुरुष मित्रांनी १९७७ साली ‘इमर्ज’ ही संस्था काढली. मारणाऱ्या पुरुषांसाठी अमेरिकेत सुरू झालेला हा पहिला कार्यक्रम मानला जातो.

नवरा मारतो तो दारूच्या नशेत किंवा रागाच्या भरात, ही तेव्हाची रूढ समजूत. राग आवरायला शिकवले की झाले! मिनेसोटा राज्यातल्या, सुपीरियर सरोवराकाठच्या डुलुथ शहरात ही समजूत तपासली गेली. एलेन पेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या सुमारास पोलीस, सरकारी वकील, न्यायालय, प्रोबेशन अधिकारी आणि निवारागृह यांना एका धाग्यात बांधले. मारहाण झाली की अटक, मग दर आठवड्याच्या वर्गाला सक्तीची हजेरी. ती चुकवली तर पुन्हा न्यायालयापुढे.

वर्गात शिकवायचे काय, हे ठरवण्यासाठी मार खाल्लेल्या बायकांनाच विचारले गेले. त्यातून १९८४ साली ‘सत्ता आणि नियंत्रणाचे चक्र’ तयार झाले. चक्राची धाव म्हणजे मारहाण. आतले आठ आरे मात्र वेगळे: धमक्या, दहशत, पाणउतारा, माणसांपासून तोडणे, पैशाची नाकेबंदी, मुलांना वेठीस धरणे, पुरुषपणाचा अधिकार गाजवणे आणि ‘एवढं काय झालं’ म्हणून हात झटकणे. साहेबापुढे राग गिळणारा माणूस घरी आल्यावरच हात का उचलतो, याचे उत्तर या आऱ्यांत होते.

डुलुथचा नमुना देशोदेशी गेला. पण १९९९ साली खुद्द पेन्स यांनी कबुली दिली, की सत्तेची हाव हेच एकमेव कारण धरून आपण पुरुषांचे बोलणे नीट ऐकले नाही; अनेकांच्या बोलण्यात ती हाव नव्हतीच. फ्लॉरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीत ४०४ दोषी पुरुषांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले आणि एकाच गटाला २६ आठवड्यांच्या वर्गांना धाडले. २००२ साली निष्कर्ष आला: त्यांच्या बायकांना विचारूनही दोन्ही गटांत फरक आढळला नाही. नोकरी आणि स्थिर घर असलेले, म्हणजे गमावण्यासारखे काही असलेले पुरुष मात्र कमी वेळा त्या वाटेला गेले.

आपल्याकडे २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचे कलम १४ न्यायदंडाधिकाऱ्याला समुपदेशनाचा आदेश देण्याची मुभा देते. एकेकट्याला किंवा दोघांना एकत्र. २००६च्या नियमांनी त्यात एक मोलाची अट घातली: केलेल्या हिंसेचे समर्थन नवऱ्याला समुपदेशनात करता येणार नाही. डुलुथचा आठवा आरा इथे नेमका पकडला गेला आहे. पण शेजारच्या खुर्चीत तोच बसलेला असताना बाई खरे किती बोलेल?

नवरा वर्गाला जातो, एवढ्या भरवशावर कित्येक जणी घरी परततात. म्हणून हजेरीपटावरून आणि प्रमाणपत्रावरून अशा शाळेचा निकाल लावता येत नाही. तो विचारायचा तिला. एकटीला, आणि वर्ग संपून बरेच महिने लोटल्यावरही.