भूत म्हणजे एनर्जी, पण एक्सचं काय?

तर मंडळी, जेन ॲन क्रेन्ट्झ ही अमेरिकन लेखिका भविष्यातल्या प्रेमकथा जेन कॅसल या नावानं लिहिते. पहिला प्रयोग 1986 चा, 'स्वीट स्टारफायर'. पुढे आला हार्मनी ग्रह, पृथ्वीशी संपर्क तुटलेली वसाहत. तिथलं भूत म्हणजे आत्मा-बित्मा नाही. परग्रहवासीयांच्या भुयारांत भटकणारा ऊर्जेचा गोळा. ॲम्बरचा खडा नसेल तर तो आवरत नाही. (हे वर्ल्डबिल्डिंग मला जाम आवडतं.)

2006 च्या 'घोस्ट हंटर'मध्ये एलीनं कूपरशी ठरलेलं लग्न मोडलंय. हार्मनीवर पक्कं लग्न लागलं की सुटका जवळपास नाहीच, म्हणून तिचा नकार मला शहाणपणाचा वाटतो. मग मैत्रीण भुयारात गायब होते, आणि शोधाला सोबत कोण? तोच कूपर!