सोबतीला कोण आहे?

मिरजेतल्या कुठल्याही दवाखान्यात शिरा, पेशंटचं नाव विचारायच्या आधी हा प्रश्न येतो. नर्स विचारते, मेडिकलवाला विचारतो, कॅन्टीनमधला पोरगाही चहा देता देता विचारतो. 2019च्या पावसाळ्यात आईला अर्धांगवायूचा झटका आला. त्यानंतरचे अकरा दिवस या प्रश्नाला मी ‘मी आहे’ एवढंच उत्तर देत होतो. आमच्या घरात हे उत्तर पहिल्यांदा दिलं ते आजीनं, 1953 साली, याच गावात.

आजी म्हणजे आईची आई, तासगावकडची. तिच्या धाकट्या दिरांना, म्हणजे आमच्या तात्यांना, क्षय झाला. त्या काळी कुणी क्षय म्हणत नसे. ‘छातीचं दुखणं’ म्हणत, तेही दार लोटून घेऊन. तात्यांची बायको पोटुशी, तिला माहेरी पाठवलं. आजोबांच्या अंगावर शेती. राहता राहिली आजी. चार वर्षांच्या माझ्या आईला सासूच्या ओटीत टाकून ती मिरजेला गेली.

मिरजच का, हे तिला कुणी सांगावं लागलं नव्हतं. विल्यम वानलेस नावाच्या कॅनडात जन्मलेल्या मिशनरी डॉक्टरनं 1894 साली इथं दवाखाना उघडला, तेव्हापासून कर्नाटकापासून कोकणापर्यंतची माणसं आजार घेऊन मिरजेची वाट धरत होती. वानलेसवाडीचं क्षयाचं इस्पितळ 1920चं. आजी सगळ्याला मिळून ‘वालनेस’ म्हणायची. मी एकदा तिला दुरुस्त केलं, तर म्हणाली, “त्या नावानंच बरी झाली माणसं, तू नको शिकवू.”

तिच्या गोष्टीतलं सॅनिटोरियम म्हणजे उघडा व्हरांडा आणि ओळीनं लोखंडी खाटा. थंडीतही रोगी बाहेरच, कारण मोकळी हवा हेच अर्धं औषध. दूध, अंडी, पडून राहणं. बोलायचं कमी, हसायचं त्याहून कमी. खाटेशेजारी थुंकीची झाकणाची डबी. आणि आठवड्याला एकदा ‘हवा भरणं’. बरगड्यांच्या मधून सुई घालून फुप्फुसाभोवती हवा सोडायची, म्हणजे ते दबून आकसतं, त्याला विश्रांती मिळते आणि जखम भरायला सवड होते. हवा अंगात जिरली की पुन्हा सुई. आजीला यातलं शास्त्र ठाऊक नव्हतं. तिला एवढंच कळे, की हवा भरून आले की तात्या तासभर डोळे मिटून पडतात आणि त्यांचा उजवा हात कुणाचा तरी हात शोधत असतो.

औषधं नुकती मिळू लागली होती. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध 1943चा, आयसोनियाझिड 1952चं. मुंबईहून आणवलेल्या पहिल्या इंजेक्शनांत आजीची एक पाटली गेली. दुसरी कशात गेली ते तिनं कधी सांगितलं नाही.

रात्री नातेवाइकांना तिथं राहू देत नसत. म्हणून तिनं गावात, सतारमेकरांच्या गल्लीला लागून, एक खोली घेतली. पंधरा दिवसांची म्हणून घेतलेली खोली दहा महिने राहिली. पहाटे चुलीवर दूध आणि भाकरी, मग डबा घेऊन पायी वानलेसवाडी, संध्याकाळी परत. मिरजेत हत्यारांना धार लावणारे शिकलगार पुढं तंबोरे आणि सतारी घडवू लागले, हे मी पुस्तकात वाचलं. आजीनं ते भिंतीपलीकडून ऐकलं होतं. शेजारचे म्हातारे कारागीर संध्याकाळी तंबोऱ्याची जवारी लावत. घोडीवर कानस एकदा फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं. पुन्हा कानस. मग तारेखाली सुती दोरा सारायचा, केसाएवढा पुढं, केसाएवढा मागं. एका तारेला कधी कधी तास लागे. आधी ती तार ठणठण, मुकी वाजायची. आणि एकदम केव्हातरी उघडायची, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी घुमायला लागायची. आजी सांगायची, “त्यो म्हातारा कधी तार वढायचा न्हाई. वाट बगायचा.”

याच गल्लीत तिनं खाँसाहेबांची गोष्ट ऐकली. अब्दुल करीम खाँ प्लेगनं आजारी पडले, कुणीतरी मिरासाहेबांच्या दर्ग्यात गायला सांगितलं, ते गायले आणि बरे झाले. मग मिरजेचेच होऊन गेले. 1937 साली गेल्यावर त्यांना त्याच दर्ग्याच्या आवारात मूठमाती दिली, आणि उरुसात तिथं अजून गाणं होतं. गाण्यानं प्लेग बरा होतो का, हे मला विचारू नका. आजीचा या गोष्टीतला प्रश्न वेगळाच होता. “खाँसाब गात हुते तवा त्यांना पाणी कोण देत हुतं, त्ये कुणी सांगितलंच न्हाई.”

लहानपणी मला वाटे, आजी फार शांत बाई असणार. दुसऱ्याच्या थुंकीची डबी दहा महिने धुणारी बाई आतून निवांत असलीच पाहिजे. मोठेपणी मी तिला तसं म्हणालोही. तिनं तांदळातला खडा वेचून बाजूला टाकला. “म्या कसली शांत? हाताला सवड नव्हती, एवढंच.”

या वाक्याचा अर्थ मला कळला तो आईच्या उशाशी. दवाखान्यातून घरी आणल्यावर चौदा महिने ती अंथरुणावर होती. सेवेतून समाधान मिळतं, असं सांगणारे पुष्कळ लोक त्या काळात भेटायला आले आणि चहा घेऊन गेले. एका रात्री तिसऱ्यांदा चादर ओली झाली तेव्हा मी आईवर ओरडलो. काय बोललो ते इथं लिहिणार नाही. ती वाकड्या झालेल्या तोंडानं, तुटक अक्षरांत म्हणाली, “दमलास.” मी चादर बदलली. एका कुशीवर वळवायचं, ओली बाजू गुंडाळत पाठीपर्यंत आणायची, कोरडी तिच्या मागं सारायची, मग दुसऱ्या कुशीवर. घाई केली की चुणी पडते, आणि चुणी पडली की पाठीला जखम होते. हे जमायला मला तीन महिने लागले होते. त्या रात्री ती चादर एका सुरकुतीविना बसली, आणि मी तिच्याकडे बराच वेळ बघत उभा राहिलो. शांती म्हणतात ती हीच असेल, तर ती फार लहान असते आणि सकाळपर्यंत टिकत नाही.

आईला मात्र आजीच्या या कहाणीचं कधीच कौतुक नव्हतं. चार वर्षांच्या मुलीला दहा महिने आई दिसली नाही. तिच्या लेखी गोष्ट एवढीच. आजी परत आली तेव्हा आई तिला ‘मावशी’ म्हणाली होती. सोबतीला गेलेल्या माणसाच्या घरी कोण सोबत करतं, हे कुणाच्याच आठवणींत येत नाही.

पडून असलेल्या आईला मी रोज काहीतरी वाचून दाखवायचो. एकदा मद्रासच्या प्रयोगाबद्दल वाचलं. तिथं 1956 साली क्षयाच्या औषधोपचारांचं केंद्र सुरू झालं. रोग्यांचे दोन गट केले, काहींना सॅनिटोरियममध्ये ठेवलं, काहींना घरीच. दोघांनाही वर्षभर औषधं तीच. घरचे रोगी दाटीवाटीच्या वस्तीत राहणारे, खाणं बेताचं, त्यातले काही कामावरही जाणारे. 1959 साली निष्कर्ष छापून आले: घरी राहिलेले जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि पुढं असंही दिसलं, की त्यांच्या घरच्यांना लागण जास्त झाली नाही. मोकळ्या हवेपेक्षा गोळ्यांनी काम केलं होतं. पुढं जगभरची सॅनिटोरियमं ओस पडली, त्याला या प्रयोगाचा मोठा हातभार होता.

आई डोळे मिटून ऐकत होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, “म्हणजे उगीच गेली.” आणि हसली. तोंडाची एकच बाजू हसली. मी म्हणालो, “1953 साली कुणाला माहीत होतं?” ती म्हणाली, “मला.”

तात्या बरे झाले. त्यानंतर तीस वर्षं जगले, पण घरात आपला अल्युमिनियमचा पेला वेगळाच ठेवत. काठाला खिळ्यानं पाडलेली खूण, म्हणजे चुकून दुसऱ्यानं घेऊ नये. क्षय खोकल्यातून हवेत जातो, भांड्यातून पसरत नाही, हे डॉक्टरांनी सांगून झालं होतं. तात्या ऐकायचे नाहीत. शेवटी त्यांच्याच मुलीच्या लग्नात, पंगत बसलेली असताना, आजीनं तो पेला उचलला, मठ्ठा भरून घेतला आणि सगळ्यांदेखत प्यायली. तात्या पानावरून उठून परसात गेले. आईनं हे डोळ्यांनी पाहिलं होतं. आजीविषयी ती आपणहून सांगायची ती एवढी एकच गोष्ट.

तो पेला आता माझ्याकडे आहे. शेवटचे चौदा महिने आईला पेज त्यातूनच दिली, कारण तो हलका होता आणि तिच्या डाव्या हाताला तेवढाच पेलायचा.