मुलकी, गैरमुलकी आणि ४९४

'मुलकी' हा शब्द माझ्या शिकवण्यात दोनदा यायचा. एकदा 'मुलकी पाटील' म्हणून, म्हणजे सारा वसूल करणारा. पोलीस पाटील वेगळा. आणि दुसऱ्यांदा निजामाच्या राज्याचा विषय निघाला की 'मुलकी आणि गैरमुलकी' म्हणून. मुलं हमखास घोटाळा करायची. एकानं पेपरात लिहिलं होतं की, ज्याला पाटीलकी मिळाली नाही तो गैरमुलकी. मी त्याला अर्धा गुण दिला होता. हक्काची जागा नाही तो गैरमुलकी, एवढं तरी पोराला बरोबर कळलं होतं!

हा शब्द इतक्या वर्षांनी पुन्हा डोक्यात आला तो ऑस्ट्रेलियामुळे. घरच्या वाचकांना माहीतच आहे, धाकट्या बहिणीचा नातू दोन वर्षांपूर्वी तिकडे गेला. इथं जालन्यात ट्रॅक्टरच्या डीलरकडे मेकॅनिक होता, तिथंही ट्रॅक्टर आणि हार्वेस्टरच दुरुस्त करतो. गावाचं नाव डब्बो. हसू नका, खरंच आहे. सिडनीपासून सुमारे चारशे किलोमीटर आत, गव्हाचा आणि मेंढ्यांचा मुलूख. मी विचारलं, "अरे, सिडनी सोडून तिथं कुठं जाऊन बसलास?" तर म्हणाला, "आबा, मला सिडनीत राहताच येत नाही. माझा व्हिसा ४९४ आहे."

मग त्यानं मला ४९४ शिकवला. मी वही घेऊन बसलो होतो, जुनी खोड. तर प्रकार असा आहे. तिथल्या आतल्या भागांत कुशल कामगार मिळत नाहीत, सगळे मोठ्या शहरांकडे पळतात. म्हणून सरकारनं मालकांना सांगितलं, तुम्ही बाहेरून माणूस आणा. पण आधी निदान चार आठवडे जाहिरात देऊन दाखवा की इथला माणूस मिळत नाही. त्या भागातली एक मान्यताप्राप्त संस्था पगाराबाबत आपलं मत देते. माणूस साधारणपणे पंचेचाळीसच्या आतला हवा, तीन वर्षांचा अनुभव हवा, त्याचा धंदा सरकारच्या यादीत हवा. व्हिसा पाच वर्षांचा. त्या काळात राहायचं, काम करायचं ते 'रीजनल' भागातच. सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन ही तीन शहरं वर्ज्य, बाकी सगळा देश रीजनल, अगदी पर्थ आणि ॲडलेडसुद्धा! तीन वर्षं नीट काढली की १९१ नंबरच्या व्हिसासाठी अर्ज करता येतो, तो कायमचा. मधेच नोकरी गेली तर दुसरा मालक शोधायला एका वेळी १८० दिवस. जून २०२४ पर्यंत ही मुदत याहून कमी होती.

"लई किचकट आहे आबा," तो म्हणाला. मी म्हटलं, "अजिबात नाही. हे आपल्याकडे होऊन गेलंय."

आता थोडा इतिहास. नव्या वाचकांसाठी सांगतो की जालना १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं (जिल्हा म्हणून वेगळं झालं ते १ मे १९८१ला, त्याआधी औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका). संस्थानात पहिले सालारजंग १८५३ मध्ये दिवाण झाले आणि त्यांनी मोडकळीला आलेला कारभार नव्यानं बसवायला घेतला. खाती काढली, जिल्हे पाडले. पण खाती चालवायला शिकलेली माणसं हवीत, ती दरबारी सरदारांच्या घरांत नव्हती. म्हणून बाहेरून आणली. सय्यद हुसेन बिलग्रामी आले, मोहसिन-उल-मुल्क आले, चिराग अली आले. सरोजिनी नायडूंचे वडील अघोरनाथ चट्टोपाध्याय बंगालमधून शिक्षणासाठी आणलेले. आपल्या औरंगाबादेतही असा एक मोठा माणूस होता, मौलवी अब्दुल हक. मूळचे हापूडकडचे. शाळा तपासनीस म्हणून आले, पुढे औरंगाबादच्या कॉलेजचे प्राचार्य झाले आणि त्यांनी अंजुमन तरक्की-ए-उर्दूचं काम तिथूनच वर्षानुवर्षं चालवलं. एका दूरच्या प्रांतातल्या माणसानं अख्ख्या भाषेचं काम आपल्या गावात बसून केलं, याचं मला नेहमी कौतुक वाटतं.

पण बाहेरचे आले की ते आपल्या ओळखीचे आणखी बाहेरचे आणतात. १८८४ च्या सुमारास दरबारची भाषा फारसीऐवजी उर्दू झाली, तेव्हा उत्तरेकडच्या मंडळींना आणखीच सोपं झालं. स्थानिक लोक चिडले. 'मुलकी' आणि 'गैरमुलकी' हे शब्द भांडणाचे झाले ते इथं. शेवटी १९१९ मध्ये निजामाचं फर्मान निघालं आणि मुलकी कोण हे नोकरीच्या नियमावलीत लिहिलं गेलं. जो मुलकी नाही त्याला, वरची असो की खालची, कोणतीही सरकारी नोकरी खुद्द निजामांच्या खास मंजुरीशिवाय नाही. म्हणजे दार बंद नव्हतं, पण कडी वर होती. आणि बाहेरच्याला मुलकी व्हायचं असेल तर? पंधरा वर्षं संस्थानात कायम वास्तव्य हवं, आणि मॅजिस्ट्रेटसमोर लिहून द्यायचं की मूळ गावी परत जाण्याचा विचार मी सोडून दिला आहे.

हे दुसरं कलम जरा पुन्हा वाचा. ऑस्ट्रेलियानं निदान हे तरी लिहून मागितलेलं नाही.

या नियमात एक गंमत होती, आणि ती आपल्या लोकांच्या अंगावर आली. जालन्याचा मराठी शेतकरी सात पिढ्यांचा मुलकी. कागदावर हक्क त्याचा. पण कचेरीची भाषा उर्दू, वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू, उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये निघालं तेही उर्दू माध्यमाचं. उर्दू ज्यांची मातृभाषा अशी माणसं संस्थानात दहात जेमतेम एक. म्हणजे नियमानं मुलकी असलेला आमचा माणूस कचेरीच्या पायरीवर परका, आणि लखनौचा माणूस मंजुरी घेऊन आत. मला वाटतं, असे नियम करताना कोण कुठला आहे हे फार बारकाईनं पाहतात, पण काम कोणत्या भाषेत चालणार हे कुणी त्यात लिहीत नाही.

मराठी शिकवायला माणसं मिळेनात, कारण मराठीत शिकलेले तरुण इकडे थोडे. ती यायची पलीकडून, इंग्रजी मुलखातून. गोदावरी ओलांडली की नगर जिल्हा. भाषा तीच, सोयरिकी त्याच, पंढरीची वारी तीच, पण मधे करोडगिरीचा नाका आणि नाणं वेगळं. तिकडे कलदार, इकडे हाली शिक्का. सात हाली म्हणजे सहा कलदार. आमचे वडील (आम्ही त्यांना दादा म्हणायचो) शेवगावजवळच्या एका खेड्यातले. १९३८ मध्ये पैठणला नदी ओलांडून आले आणि जालन्यात एका खासगी मराठी शाळेत मास्तर झाले. शाळेच्या चालकांनीच पत्र पाठवून बोलावलं होतं, राहायला खोली दिली होती. आजच्या भाषेत मालकाची स्पॉन्सरशिप! दर महिन्याला घरी पैसे पाठवताना सातातला एक जातो, याचं त्यांना शेवटपर्यंत वाईट वाटायचं. त्याच वर्षी स्टेट काँग्रेसवर बंदी आली, सत्याग्रह सुरू झाले, आणि बाहेरून आलेल्या मराठी मास्तराकडे पोलीस वाकड्या नजरेनं पाहू लागले. दादा सांगायचे, "वर्गात भूगोल शिकवताना नगरचं नाव आलं तरी मी आवाज खाली घ्यायचो."

सरकारी शाळेत नोकरी हवी होती. पगार बरा, पेन्शन. पण गैरमुलकी. निजामांच्या खास मंजुरीसाठी एका खेडवळ मास्तराची शिफारस कोण करणार? मग राहिला एकच रस्ता, पंधरा वर्षं मोजणं.

मधे फार मोठ्या गोष्टी झाल्या. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. पण मुलकीचे नियम गेले नाहीत! नव्या कारभारासाठी पुन्हा बाहेरून अधिकारी आले, मद्रासकडून, मुंबईकडून. पुन्हा तीच आरडाओरड, की आमच्या जागा हे घेतात. तेलंगणात ती फार पेटली. सप्टेंबर १९५२ मध्ये हैदराबादला विद्यार्थ्यांच्या आंदोलनात गोळीबार झाला, माणसं मेली, चौकशीला न्यायमूर्ती पिंगळे जगनमोहन रेड्डी नेमले गेले. आपल्या मराठवाड्यात एवढं झालं नाही. इथं बाहेरचा मराठी बोलणारा असेल तर लोकांना तो मास्तर म्हणून, मामलेदार म्हणून हवाच होता. तरी दादा त्या महिन्यात रात्रीचे बाहेर पडत नसत. माझा जन्म १९५०चा, जालन्याचाच. आमचे एक शेजारी मला उचलून चेष्टेनं 'अर्धा गैरमुलकी' म्हणायचे, असं आई सांगे.

१९५३ मध्ये दादांची पंधरा वर्षं भरली. स्टँपवर मजकूर लिहिला, मॅजिस्ट्रेटसमोर सही केली, मुलकीचा दाखला मिळाला. दिवाळीत गावी गेले तेव्हा त्यांनी आजीला सहज सांगितलं, काय लिहून दिलं ते. आजी निरक्षर. ती एवढंच म्हणाली, "म्हंजी गाव सोडलं म्हणून सरकारला लिहून दिलंस?" दादांनी तो नुसता कागद आहे म्हणून पुष्कळ समजावलं. पण पुढची दोन वर्षं आजी जालन्याला आली नाही, आणि वाटणीत दादांनी स्वतः होऊन जमिनीवरचा हक्क सोडला. लिहून दिलंय तर तसं वागलं पाहिजे, असा त्यांचा मास्तरी हिशोब. मला हे आजही पटत नाही.

आणि मग १ नोव्हेंबर १९५६. राज्य पुनर्रचना झाली, हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले, मराठवाडा मुंबई राज्यात आला. नगर आधीपासून तिथंच होतं. गोदावरीच्या दोन्ही काठांना एकच सरकार. ज्या गावी परत न जाण्याचं दादांनी लिहून दिलं, ते गाव आणि जालना एकाच राज्यात! मुलकीपणासाठी पंधरा वर्षं मोजली आणि तो पुरता तीन वर्षं चालला.

तेलंगणात मात्र हे प्रकरण मिटलं नाही. आंध्रशी जोडल्यावर मुलकी नियम हेच तिथल्या लोकांचं संरक्षण झालं. ३ ऑक्टोबर १९७२ला सर्वोच्च न्यायालयानं ते वैध ठरवले, आणि आंध्रच्या बाजूला 'जय आंध्र'चा वणवा पेटला. त्यात मुख्यमंत्री नरसिंह राव यांचं पद गेलं. (हे तेच पुढे पंतप्रधान झालेले. 'पण लक्षात कोण घेतो'चा तेलुगू अनुवाद करणारे.) १९७३ मध्ये कायदा करून मुलकी नियम रद्द झाले. योगायोग पाहा, त्याच १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियानं आपल्या स्थलांतराच्या धोरणातून वंशाची अट काढून टाकली. १९०१ पासून तिथं गोऱ्यांखेरीज इतरांना दार जवळजवळ बंदच होतं. आमच्या नातवाला हे माहीत नव्हतं. त्याच्या वर्कशॉपमधल्या म्हाताऱ्या गोऱ्या फिटरला माहीत होतं म्हणे.

पंधराचा आकडा मात्र आपल्याकडून गेला नाही. आजही महाराष्ट्रात अधिवासाचा दाखला काढायला जा, तहसीलमध्ये पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. आमच्या जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये बिहार, उत्तर प्रदेशची पोरं भट्टीपुढे उभी असतात. त्यांना मालकांनीच ठेकेदारामार्फत आणलेलं असतं. त्यांच्या बाबतीत वर्षं कोण मोजतं, कोण जाणे.

दादांची आणि नातवाची तुलना करताना एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. मुलकीत वास्तव्य मोजत, चाकरी कुणाची हे पाहत नसत. दादांनी त्या पंधरा वर्षांत दोन शाळा बदलल्या, वर्षं तुटली नाहीत. ४९४ मध्ये मालक बदलायचा तर नव्या मालकानं पुन्हा पहिल्यापासून अर्ज करायचा. नातवाचा मालक सत्तरीचा आहे, माझ्याच वयाचा. मुलांना धंद्यात रस नाही, विकायचं चाललंय. नातवाचं तिसरं वर्ष २०२७ मध्ये भरतं. नवा मालक त्याला ठेवील की नाही, कागद करून देईल की नाही, हे अजून ठरायचंय. इथं त्याची आई रोज विचारते, घर बांधायला काढू का नको? मी त्याला सांगितलंय, जमीन तुझ्या नावावर आहे ती तशीच राहू दे, आणि इकडचं रेशन कार्डावरचं नाव एवढ्यात काढू नको. यावर तो काही बोलला नाही.

दादांचा तो मुलकीचा दाखला आमच्याकडे होता, १९८०च्या आसपास घर बदलताना दिसेनासा झाला. नगरच्या चुलत भावंडांपैकी कुणाच्या ट्रंकेत एखादी प्रत निघाली तर फोटो काढून पाठवा. उर्दूतला शिक्का आणि दादांची मोडी वळणाची सही, एवढ्यावरून ओळखता येईल.