किण्वपेशींतील खूणचिठ्ठ्या

पनवेलचें नांव निघालें कीं जुन्या मंडळींस वैद्यांचें गांव आठवतें. १८७२ सालीं वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनीं येथें आयुर्वेदीय औषधांचा कारखाना काढला, व ‘धूतपापेश्वर’ हें नांव पुढें महाराष्ट्रांतील कुटुंबांच्या परिचयाचें झालें. अरिष्ट करण्याची रीत वाचकांपैकीं कित्येकांनीं घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकली असेल. वनस्पतींचा काढा करावयाचा, त्यांत गूळ विरघळवावयाचा, धायटीचीं फुलें टाकावयाचीं आणि पात्राचें तोंड बंद करून तें निवांत जागीं ठेवावयाचें. फुलांवांचून संधान नीट होत नाहीं, असें परंपरा सांगे. कारण पुढें सूक्ष्मदर्शकानें दाखविलें. फुलांबरोबर यीस्टच्या पेशी पात्रांत शिरतात, आणि गुळांतील साखर खाऊन मद्यार्क निर्माण करतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सुरेच्या प्रकरणीं ‘किण्व’ हा शब्द येतो, तो खमिराच्या मिश्रणाचा वाचक आहे. आम्ही तो येथें यीस्टलाच लावतों.

या किण्वाच्या एकेका पेशींत सुमारें सहा हजार जनुकें आहेत. त्यांची संपूर्ण मोजदाद १९९६ सालीं पुरी झाली. त्यांच्या आज्ञेनें प्रथिनें घडतात हें शास्त्रज्ञांस ठाऊक होतें, पण घडलेलीं प्रथिनें मोडतात कशीं, याकडे फार काळ थोड्यांचेंच लक्ष गेलें. वहींतील जमेची बाजू सर्वांनीं वाचली, खर्चाची कोणी वाचीना!

१९७५ सालीं अमेरिकेंत गोल्डस्टीन व त्यांच्या सहकाऱ्यांस गुरांच्या एका ग्रंथींत एक लहानसें प्रथिन सांपडलें. तें जेथें पाहावें तेथें आढळूं लागलें, म्हणून ‘सर्वत्र असणारें’ या अर्थीं त्याचें नांव युबिक्विटिन पडलें. त्याचें काम मात्र उमगलें नव्हतें. तें इस्रायलचे हेर्श्को व चिखानोव्हर आणि अमेरिकेचे रोझ यांनीं सशाच्या अपक्व रक्तपेशींच्या रसांतून शोधून काढलें. जें प्रथिन मोडावयाचें त्यावर हें चिमुकलें प्रथिन खुणेच्या चिठ्ठीसारखें चिकटविलें जातें, आणि चिठ्ठी लागलेला माल प्रोटिअसोम नांवाच्या जात्यांत जाऊन भरडला जातो. या शोधास २००४ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

परंतु परीक्षानळींतील रस म्हणजे जिवंत पेशी नव्हे. चिठ्ठीचा खरा संसार उलगडण्याचें पुष्कळसें श्रेय किण्वाचें आहे. मनुष्याच्या व किण्वाच्या युबिक्विटिनमध्यें ७६ पैकीं अवघीं तीन अमिनो आम्लें भिन्न आहेत; किण्वांत शिकलेलें मनुष्यास लागू पडेल, ही आशा म्हणूनच निराधार नव्हती. वार्शाव्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८७ सालीं किण्वाच्या युबिक्विटिनचें एक जनुक काढून टाकलें. सुखाच्या दिवसांत पेशींचें कांहीं बिघडलें नाहीं. उष्णता वाढली किंवा उपासमार झाली, तेव्हां मात्र त्या तगेनात.

येथवर ही चिठ्ठी म्हणजे मृत्यूचें फर्मान, असाच समज दृढ झाला होता. तो अपुरा ठरला, आणि तोहि दुसरेंच कांहीं शोधतांना! पेशी दुभंगतांना गुणसूत्रांची वांटणी कशी होते, याचा अभ्यास मेलू व कोशलँड हे अमेरिकेंत करीत होते. १९९५ सालीं त्यांस एका बिघडलेल्या जनुकाची उणीव भरून काढणारें दुसरें जनुक मिळालें. त्याचें प्रथिन, एसएमटी-थ्री, युबिक्विटिनचें भावंड निघालें. सस्तन प्राण्यांतील त्याच्या जोडीदारास पुढें ‘सुमो’ हें नांव मिळालें. जपानी मल्लांशीं त्याचा संबंध नाहीं. हें भावंड जात्याकडे धाडण्यासाठीं नाहीं, तरी त्यावांचून किण्व जगत नाहीं.

दोघांचें नातें २००२ सालीं जर्मनींत येन्च यांच्या प्रयोगशाळेंत उघड झालें. डीएनएची नक्कल होत असतां त्याभोंवतीं एक प्रथिनाचें कडें सरकत असतें. त्या कड्याच्या १६४ व्या अमिनो आम्लावर कधीं युबिक्विटिन बसतें, कधीं सुमो. एकटें युबिक्विटिन बसलें तर वाटेंतील दुखापत चुकीचा धोका पत्करूनहि ओलांडली जाते. युबिक्विटिनची सांखळी बसली तर बिनचूक वाट धरली जाते. सुमो बसला तर धाग्यांची नको ती अदलाबदल रोखली जाते. आम्हांस या साऱ्या इतिहासांत हेंच स्थळ सर्वांत मोलाचें वाटतें. एकाच जागीं तीन चिठ्ठ्या, आणि कामें तीन निराळीं!

इतर भावंडांविषयीं थोडक्यांत सांगतों. आरयूबी-वन हें युबिक्विटिन चिकटविणाऱ्या यंत्रासच चालना देतें. यूआरएम-वन गंधकाची ने-आण करतें, व त्याचा चेहरा जंतूंतील पुरातन प्रथिनांशीं जुळतो. एचयूबी-वन तर कोणास चिकटतहि नाहीं. जनुकाच्या संदेशांतील अनावश्यक भाग कातरण्यांत त्याचें अंग आहे, असें २०११ सालीं दिसून आलें.

तोक्योंत ओहसुमी उपाशी ठेवलेल्या किण्वाकडे सूक्ष्मदर्शकांतून पाहत होते. पेशीच्या पोकळींत लहान कण नाचत होते. पेशी स्वतःचाच अंश पचविण्यासाठीं आंत घेत होती. हें १९९२ सालीं प्रसिद्ध झालें. तें घडविणाऱ्या जनुकांत दोन भावंडें निघालीं. १९९८ सालीं आढळलेलें एक दुसऱ्या प्रथिनास जोडलें जातें, आणि २००० सालीं आढळलें कीं दुसरें चक्क स्निग्ध पदार्थास जोडलें जातें. ओहसुमींस २०१६ चें नोबेल मिळालें.

या शोधांचा धागा पनवेल तालुक्यांतहि येऊन पोंचतो. खारघर येथें टाटा स्मारक केंद्राची कर्करोग-संशोधनसंस्था आहे, आणि तेथें प्रोटिअसोमचाहि अभ्यास झाला आहे. हें जातें अडविणारें बोर्टेझोमिब हें औषध अमेरिकेंत २००३ सालीं मान्य झालें. मज्जेच्या एका कर्करोगांत पेशी प्रथिनांचा अतोनात पसारा मांडतात. जातें थांबलें कीं त्या आपल्याच केरकचऱ्यांत गुदमरतात.

पनवेलच्या वैद्यांस यांतील कांहीं ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. पात्रास कान लावून ते आंतील बुडबुड्यांचा आवाज ऐकत. तो थांबला, व पेटती काडी आंत धरली असतां विझेना, कीं संधान पुरें झालें असें समजत. अशा वेळीं आंतील किण्वाचें अन्न तुटत आलेलें असतें, आणि तीं दोन भावंडें पेशीस तिचाच अंश खाऊं घालण्याच्या कामास लागतात.