वेल दीव: शर्यतींचे सभागृह, पाच दिवसांचा तुरुंग

१/
१६ जुलै १९४२. पहाटेचे चार. पॅरिसमधील हजारो दारांवर थाप पडली. थाप मारणारे जर्मन सैनिक नव्हते, फ्रेंच पोलीस होते. पकडलेल्या ज्यू कुटुंबांना शहराच्या नेहमीच्या बसगाड्यांत बसवून जेथे नेण्यात आले, ती वास्तू प्रत्येक पॅरिसकराच्या परिचयाची होती: व्हेलोद्रोम दिव्हेर, लोकांच्या तोंडी ‘वेल दीव’. हा थ्रेड त्या वास्तूविषयी.

२/
नावाचा अर्थ सायकल शर्यतींचे हिवाळी सभागृह. टूर द फ्रान्स सुरू करणारे संपादक आंरी देग्रांज यांनी आयफेल मनोऱ्याजवळच्या नेलातों रस्त्यावर १९१० मध्ये ते उभारले. हिवाळ्यात उघड्यावर शर्यती भरवणे कठीण, म्हणून ही सोय. वर काचेचे छत, खाली वळणांवर भिंतीसारखी चढत जाणारी लाकडी धावपट्टी आणि सभोवार हजारो आसने.

३/
तेथील खरे आकर्षण म्हणजे सहा दिवसांची शर्यत. दोघांची जोडी, एक विसावला की दुसऱ्याने पायडल मारायचे, रात्रंदिवस. धावपट्टीच्या मधोमध धनिकांची जेवणाची टेबले, तर वरच्या स्वस्त सज्जात शिदोरी घेऊन आलेले कामगार. अर्नेस्ट हेमिंग्वे या शर्यतींचा चाहता होता. १९२४ च्या ऑलिंपिकमधील मुष्टियुद्ध, कुस्ती, तलवारबाजी आणि भारोत्तोलन येथेच झाले. १९३१ मध्ये जेफ डिक्सन या अमेरिकी आयोजकाने कारभार हाती घेतला आणि बर्फावरचे खेळही आले. राजकीय सभाही होत. डाव्यांच्या झाल्या, तशा कडव्या उजव्यांच्याही.

४/
अशी वास्तू सत्तेला मोहात पाडते. मोजकी दारे, उंच भिंती, डोक्यावर छत आणि हजारो माणसे एका वेळी मावतील एवढी जागा. प्रेक्षकांसाठी केलेली सोय कैद्यांनाही चालते. मे १९४० मध्ये जर्मनीतून आलेल्या स्त्रियांना शत्रुराष्ट्राच्या नागरिक ठरवून येथेच डांबले गेले. त्यांपैकी अनेकजणी हिटलरच्याच छळातून पळून आल्या होत्या. पुढे विचारवंत म्हणून गाजलेल्या हाना आरेंट त्यांच्यात होत्या. तेव्हा विशी राजवट अस्तित्वातही नव्हती. हा निर्णय फ्रेंच प्रजासत्ताकाचा होता.

५/
१९४२ ची धरपकड मात्र कागदावर आधी घडली. जर्मन आदेशावरून १९४० मध्ये ज्यूंची नोंदणी झाली आणि आंद्रे त्युलार या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली पॅरिस पोलिसांनी त्यांची कार्डे तयार केली. नाव, पत्ता, व्यवसाय, राष्ट्रीयत्व. विशीचे पोलीसप्रमुख रने बुस्के यांनी जर्मनांशी वाटाघाटी करून फ्रेंच पोलीस या कामाला दिले. जर्मनांची मूळ मागणी प्रौढांची होती. सोळा वर्षांखालील मुलांनाही न्यावे, हा प्रस्ताव फ्रेंच सरकारचे प्रमुख पिएर लावाल यांचा.

६/
दोन दिवसांत १३,१५२ जणांना अटक झाली. एकट्या व्यक्ती आणि अपत्यहीन जोडपी थेट द्रांसीच्या छावणीत गेली. मुलेबाळे असलेली कुटुंबे वेल दीवमध्ये. आत सुमारे ८,००० माणसे, त्यांत ४,११५ मुले.

हवाई हल्ल्यांच्या भीतीने काचेच्या छताला आधीच निळा रंग फासलेला होता. त्या निळसर अंधारात, बंद खिडक्यांआड, जुलैचा उकाडा. शौचालये मुळातच अपुरी. त्यांतली निम्मी बंद केलेली, कारण त्यांच्या खिडक्यांतून पळून जाता आले असते. पाण्याचे हाल. काहींनी सज्जातून उडी घेऊन जीव दिला. बंदोबस्तावरील अग्निशामक जवानांनी आपले पाण्याचे नळ उघडले आणि कैद्यांच्या चिठ्ठ्या लपवून बाहेर नेल्या. आज्ञा त्यांनाही होत्याच.

७/
पाच दिवसांनंतर सभागृह रिकामे झाले. कुटुंबांची रवानगी पितिव्हिए आणि बोन-ला-रोलांद येथील छावण्यांत झाली. तेथे आयांना मुलांपासून ओढून वेगळे केले गेले. आधी आया आउशवित्झला गेल्या, मुले ऑगस्टमध्ये. धरपकडीत सापडलेल्यांपैकी परतलेल्यांची संख्या शंभराहूनही कमी.

८/
आणि मग? वेल दीवमध्ये पुन्हा शर्यती सुरू झाल्या. १९४६ मध्ये भिंतीवर एक फलक लागला. त्यात दोष फक्त नाझींचा, फ्रेंच पोलिसांचा उल्लेखही नाही. आतील गर्दीचे म्हणून वर्षानुवर्षे छापले गेलेले छायाचित्र तर भलतेच निघाले. ते १९४४ च्या मुक्तीनंतर तेथे कोंडलेल्या जर्मनधार्जिण्या फ्रेंचांचे होते, हे सेर्ज क्लार्सफेल्ड यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले. त्या धरपकडीचे म्हणून ओळखले जाणारे छायाचित्र आहे ते इमारतीबाहेर उभ्या असलेल्या बसगाड्यांचे.

ऑगस्ट १९५८ मध्ये याच वास्तूत अल्जीरियन पुरुषांना डांबण्यात आले. तेव्हा पॅरिसचे पोलीसप्रमुख होते मोरिस पापों; युद्धकाळात बोर्दोहून ज्यूंची रवानगी करण्यातील सहभागाबद्दल त्यांना शिक्षा झाली ती थेट १९९८ मध्ये. १९५९ मध्ये वेल दीव पाडले गेले. पुढे त्या जागी गृहमंत्रालयाची कार्यालये आली. योगायोग म्हणायचा, तर फारच बोलका.

९/
विशी म्हणजे प्रजासत्ताक नव्हे, मग प्रजासत्ताकाने क्षमा का मागावी, ही राष्ट्राध्यक्ष मितराँ यांची अखेरपर्यंतची भूमिका. कायद्याच्या दृष्टीने ती मांडता येते. पण कार्डे भरणारे कारकून आणि दार ठोठावणारे शिपाई १९४० मध्ये नव्याने नेमलेले नव्हते. बुस्के यांच्यावर १९९१ मध्ये आरोप ठेवले गेले; खटला उभा राहण्याआधीच, १९९३ मध्ये, त्यांची गोळी घालून हत्या झाली. अखेर १६ जुलै १९९५ रोजी राष्ट्राध्यक्ष जाक शिराक यांनी फ्रेंच राज्यसत्तेची जबाबदारी जाहीरपणे मान्य केली. घटनेला त्या दिवशी ५३ वर्षे पूर्ण होत होती.

१०/
२०१७ मध्ये त्या जागी एक छोटी बाग झाली. तिच्या भिंतीवर ४,११५ मुलांची नावे आहेत. प्रत्येक नावासोबत वय.